फक्कीने आखलेली वाट

मी नकाशे काढते, असं सांगितलं की बहुतेकांना शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवतो. कुरुंदवाडहून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी अप्पांना विचारलं होतं, "नकाशा एकदा काढला की झालं की वो. रोज उठून काय काढती पोरगी?" अप्पांचा गुळाच्या अडतीचा व्यापार. माझ्या कामातलं त्यांना फारसं कळत नसे, पण ते पटकन म्हणाले, "लोक घर बांधतात, त्याच्या आधी ही रस्ता बांधते. कागदावर." माझ्या कामाचं इतकं सरळ वर्णन मला पुण्याच्या कॉलेजातही कुणी ऐकवलं नव्हतं.

त्यातला "कागदावर" हा शब्द तेव्हा मला टोचला नव्हता. आता टोचतो.

काम असं असतं. गावाबाहेर एखादी सोसायटी शेतजमिनीचा तुकडा विकत घेते. त्या तुकड्यात प्लॉट किती बसतील, रस्ते कुठून जातील, मोकळी जागा कुठे सोडायची, पावसाचं पाणी कुठे काढायचं, हे आम्ही ठरवतो आणि ट्रेसिंग पेपरवर शाईने काढतो. मंजुरी आली की जमिनीवर जाऊन खुंट्या ठोकायच्या आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत चुन्याच्या फक्कीने रेघा मारायच्या. त्या पांढऱ्या रेघा पाहायला सगळी सोसायटी बायकापोरांसह येते. माणसं आपल्या प्लॉटमध्ये उभी राहून "हितं चूल, हितं देव" असं एकमेकांना सांगत असतात. आमच्या धंद्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस तो. त्यानंतर भांडणं सुरू होतात.

मी ज्यांच्याकडे काम करत होते त्या देसाई सरांचं ऑफिस लक्ष्मीपुरीत, यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर होतं. तीन ड्रॉइंग बोर्ड, नकाशांच्या प्रती काढायच्या अमोनियाचा वास आणि एक खिडकी. सर पॅन्टला क्लिप लावून सायकलवरून येत. त्या काळात इंजिनिअर म्हटला की किमान स्कूटर तरी असायचीच. एक गिऱ्हाईक मला हळूच म्हणालं होतं, "बाई, सायेबाची परिस्थिती बेताची हाय काय? मग आमचं रस्तं कसं काढनार ह्यो?" मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसले. उत्तर देणं मला तेव्हा जमत नसे.

माझं न बोलणं हा ऑफिसात चेष्टेचा विषय होता. घरी आम्ही कन्नड बोलायचो, शाळा सिस्टरांची, इंग्रजी. मराठी माझ्या वाट्याला आली ती भाजीवाल्यांच्या हाकांतून आणि शाळेतल्या आठवड्यातल्या मोजक्या तासांतून. त्यामुळे मी मराठी बोलले की ती क्रमिक पुस्तकासारखी वाटायची. शाळेत जायला अप्पांनी महिन्याचा टांगा लावला होता. मागे पडदा. मी या गावात वाढले, पण हे गाव पायी पाहिलं ते नोकरीला लागल्यावर. सायकल मला आजही येत नाही. आणि काम कुठलं मिळालं, तर माणसांनी पायी आणि सायकलने कसं जावं ते आखण्याचं.

कारण सरांना वेडच ते होतं. "मिस शेटे, मोटारवाला आपली वाट काढतोच," ते म्हणायचे. "वाट काढून द्यावी लागते ती चालणाऱ्याला." पोरांना शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, बाजार चालत जाण्याच्या अंतरात असावा, कामावरचा माणूस सायकलवरून घाम न येता पोचावा, हे त्यांचं साधं म्हणणं. पायवाटेची रुंदी ते पुस्तकातून काढत नसत. डोक्यावर बुट्ट्या घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर दोघींपैकी कुणालाही बाजूला व्हावं लागता कामा नये, हे त्यांचं माप. मला ते फार आवडलं होतं. अजूनही आवडतं.

ते नेहमी बरोबर असत असं मात्र नाही. गगनबावड्याला एका बाजाराची जागा करताना त्यांनी मध्ये छान मोकळा चौक काढला होता. लोकांनी जमावं, गप्पा माराव्यात म्हणून. पावसाळ्याचे महिने सगळा गाव वळचणीखालून, भिंतीला पाठ घासत चालत होता आणि चौकात फक्त पाणी जमलं होतं. तिथला एक म्हातारा सरांना म्हणाला, "सायेब, तळं झ्याक झालंय. आता बदकं सोडा." सर खूप हसले होते. स्वतःच्या चुकीवर हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

पण मला सांगायचं आहे ते फाउंड्री कामगारांच्या सोसायटीबद्दल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. या कामगारांनी ओढ्याच्या अलीकडे जमीन घेतली होती. ओढ्याच्या पलीकडे जुनी पेठ, भाजीबाजार, मुलींचं हायस्कूल आणि फाउंड्र्या. म्हणजे सगळं जगणं पलीकडे. जायला वाट एकच, मोठ्या सडकेवरून वळसा घालून. त्या सडकेवर ट्रक, एसट्या आणि हंगामात उसाच्या गाड्या. कडेला चालायला जागा अशी नाहीच, डांबर संपलं की चर.

सरांनी जमीन पाहिली आणि तिथेच पाय आपटून म्हणाले, "इथून." जमिनीच्या मधोमध ओढ्यापर्यंत सरळ पायवाट, ओढ्यावर पायी ओलांडायचा छोटा साकव, की पलीकडे पेठ. सायकल जाईल, गाडी जाणार नाही. सोसायटीचे चेअरमन तयार नव्हते. त्या वाटेच्या जागेत त्यांना प्लॉट दिसत होते. सर त्यांच्याशी आठवडेच्या आठवडे भांडले. शेवटी चेअरमन म्हणाले, "करा बाबा तुमची पायवाट. इंजनेराला सायकल चालवायला लागती, म्हणून आमी रस्ता द्यायचा."

फक्कीच्या दिवशी मला शांताक्का भेटली. मी टेपचं टोक धरून उभी होते. डोक्यावर रिकामी भाजीची बुट्टी घेतलेली एक बाई जवळ आली आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने सरळ कन्नडमध्ये विचारलं, कुणाची तू? मी सांगितलं. अप्पांची अडत तिला माहीत होती. त्या क्षणापासून मी तिची "तंगी" झाले, म्हणजे धाकटी बहीण. तिचा नवरा पलीकडच्या एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे करणारा, होता. तो छातीच्या दुखण्याने गेला आणि प्लॉट तिच्या नावावर झाला. घर मात्र दिराच्या हुकुमावर चाले. दीर महादेव, फाउंड्रीतच भट्टीवर होता. वाईट माणूस नव्हता. भावाच्या मागे भावाचं घर आपल्या घरात घेतलं होतं त्याने.

"ही वाट कुठं जाती?" शांताक्काने विचारलं.

मी बोट दाखवलं. ओढा, त्यापलीकडे हायस्कूलचं कौलारू छप्पर.

ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग ओरडली, "सुमेऽ, हिकडं ये. बघ तुझी शाळा."

सुमन तेव्हा सातवीत होती. काटकुळी, लांब पायांची. कोल्हापुरातल्या मुली बोलतात तसं बोलायची, "मी जातो, मी येतो." तिने शाळेकडे पाहिलं, मग पायाखालच्या पांढऱ्या रेघेकडे, आणि परकर गुडघ्यापर्यंत उचलून त्या रेघेवरून ओढ्यापर्यंत पळत सुटली. परत आली तेव्हा पावलं पांढरी झाली होती आणि माझी रेघ पुसली होती. आमचा मिस्त्री तिच्या अंगावर खेकसला. ती दम खात म्हणाली, "लई जवळ हाय की! मी रोज पळत जातो."

"पळायला शाळेत घालायची न्हाय तुला," शांताक्का म्हणाली. पण तिला हसू आवरत नव्हतं.

त्यांची अडचण मला त्याच दिवशी कळली. अलीकडची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला पलीकडे जायला हवं. महादेवने सांगून ठेवलं होतं, वाट होईपर्यंत सडकेने आईबरोबर जाऊ दे, पण एकटी पोरगी सडकेने जायची नाही. वाट झाली तर शिकू दे, नाही झाली तर घरी बसू दे. शांताक्काला भाजी घेऊन पहाटेच निघावं लागे, तेव्हा ती रोज बरोबर जाऊ शकणार नव्हती. म्हणजे सुमनची आठवी माझ्या रेघेवर अवलंबून होती. नंतर मी साइटवर गेले की शांताक्का लांबूनच विचारायची, "तंगी, वाट कवा?" मी म्हणायचे, होतेय. तेवढंच मला येत होतं.

मग तालमीचा प्रश्न निघाला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे वस्ती म्हणजे नुसती घरं नसतात. तालीम नसेल तर त्या वस्तीला वस्ती म्हणत नाहीत. तांबड्या मातीचा हौदा, त्यात कुस्ती, बाहेर दंडबैठका, हनुमानाची मूर्ती आणि बसायला कट्टा. गणपती तिथला, भांडण मिटवायचं तिथं, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली धावणारी पोरं तिथलीच. या सोसायटीतले निम्मे कामगार लहानपणी मातीत लोळलेले. त्यांचे बापू वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारे, साठीच्या पुढचे, कान मोडलेले, मृदू आवाजाचे गृहस्थ होते.

आधीच्या नकाशात मोकळी जागा सडकेच्या बाजूच्या कोपऱ्यात होती. सरांनी ती उचलून पायवाटेला लागून, ओढ्याच्या तोंडाशी आणली. तालीम तिथे. ओढ्याचं पाणी जवळ, सावली आहे आणि जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तिथून जाणार. ते अगदी उजळून निघाले होते. "चालणं आणि व्यायाम एका जागी! कोल्हापूरला व्यायाम शिकवायला नको, मिस शेटे. फक्त तो कोपऱ्यातून काढून वाटेवर आणायचा." मी ब्लेडने जुनी शाई खरवडली आणि नव्या जागी हौद्याचा चौकोन काढला. वाटेच्या कडेला कडुनिंबाची झाडं दाखवायला लहान लहान वर्तुळं काढली. तो नकाशा दिसायला फार सुंदर झाला होता. सरांनी तो ऑफिसच्या भिंतीवर लावला.

सोसायटीच्या सभेत तो एकमताने मंजूर झाला. बायका मागे, दाराशी बसल्या होत्या. कुणी काही बोललं नाही.

घरं उभी राहायच्या आधी तालीम उभी राहिली. पोरांनी स्वतः माती वाहिली, त्यात ताक, तेल, हळद घालून ती मळली. हनुमानाची स्थापना झाली. मग साकव झाला, वाट झाली. पहिल्या दिवसापासून सकाळच्या भोंग्याला सायकलींची रांग त्या वाटेने फाउंड्रीकडे जायला लागली. सर एकदा मुद्दाम पहाटे जाऊन ती रांग पाहून आले. ऑफिसात आल्यावर म्हणाले, "या गावात माझं एक काम तरी खरं झालं."

मी काही दिवसांनी गेले ती जरा उशिरा. मुलींची शाळा सकाळची भरे, त्या वेळी. तालमीत दंड चालू होते. लंगोट लावलेली, तेल माखलेली, तांबड्या मातीने रंगलेली तीस-चाळीस पोरं. वाटेच्या आणि त्यांच्या मध्ये काही नाही, नुसती माझी कडुनिंबाची रोपं. वाटेवर एकही बाई नव्हती, एकही मुलगी नव्हती. मी तालमीच्या बऱ्याच अलीकडे थबकले. मला वाटलं, मी वेळ चुकीची निवडली. मग सडकेकडे पाहिलं. बुट्ट्या घेतलेल्या बायका चराच्या कडेने एकीमागून एक चालल्या होत्या. त्यांत भाजीला उशीर करून निघालेली शांताक्का होती आणि तिच्या मागे दप्तर घेतलेली सुमन.

दुपारी शांताक्काला घरी गाठलं. मी विचारलं, वाटेने का जात नाही?

"तालमीसमोरनं बायका जात्यात व्हय गं?" ती म्हणाली. जणू मी विचारलं होतं की पायताण घालून देवळात का जात नाहीस. "पोरं मातीत उघडी असत्यात. आपुन तिकडनं जायाचं? लोक काय म्हणतील?"

"पोरं काही बोलतात का?"

"न्हाय गं बाई! आमचीच पोरं ती. मान वर करत न्हाईत. पण म्हणून काय झालं? दुपारी तितंच कट्ट्यावर बसत्यात. सुमीच्या काकानं सांगितलंय, तालमीसमोरनं पाऊल टाकायचं न्हाय."

सुमन चुलीशी बसून ऐकत होती. तिने मला विचारलं, "त्यांस्नी पळायला, कुस्तीला तालीम हाय. आमी कुठं पळायचं वो, ताई?"

शांताक्काने तिला गप्प केलं. मग मला जरा आवाज खाली आणून सांगितलं, की चार दिवसांपूर्वी सडकेवर उसाच्या ट्रॉलीतून लोंबणाऱ्या वाढ्यांत, म्हणजे शेंड्याच्या पाल्यात, सुमनच्या दप्तराचा पट्टा अडकला होता. पोरगी फरपटत गेली थोडी. खरचटलं, बाकी काही नाही. पण कुणीतरी महादेवला सांगितलं. त्याने संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. सडक नाही, तालमीसमोरून नाही. तिसरी वाट असेल तर दाखवा.

मी ऑफिसात येऊन सरांना सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, कारण मराठीत हे सांगायची मला लाज वाटत होती. सर ऐकत राहिले. भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाले, "पण त्या पोरांनी कुणाला कधी त्रास दिलाय?" मी म्हटलं, नाही. "मग?" मी म्हटलं, सर, प्रश्न पोरांचा नाही. या वेळी ते हसले नाहीत.

आम्ही तालीम पुन्हा सडकेच्या कोपऱ्यात नेणारा नकाशा केला. सर म्हणाले, सभेत तुम्ही बोला. बायकांच्या वतीने मी बोललो तर ते हसतील. मी त्या रात्री जेवले नाही. सभेला उभी राहिले. क्रमिक पुस्तकातल्या मराठीत मी म्हणाले, की सदर पायवाटेचा महिलांना उपयोग होत नसल्याने व्यायामशाळेचे स्थलांतर करावे. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, बातम्या देताय काय?" सगळे हसले. दाराशी बसलेल्या बायकाही हसल्या. शांताक्का हसली नाही. ती खाली बघत होती.

चेअरमन म्हणाले, "अवो, मारुतीची स्थापना झालीया तितं. देव काय टेबल-खुर्ची हाय उचलून ठेवायला? आन तक्रार कुनाची हाय, नाव तरी सांगा." कुणाचंच नाव सांगण्यासारखं नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. एका बाईने पदर पुढे ओढला. मी नाव सांगितलं नाही.

मग बापू वस्ताद उठले. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. "माझ्या तालमीतल्या पोरानं कुणाच्या लेकीकडं मान वर करून बघितलं असंल, तर मला आत्ता सांगा," ते म्हणाले. "मी त्याची मान मोडतो, आन मग तालीम मोडतो." सगळे गप्प. "तसं न्हाय म्हणता. बरं. मग बायाबापड्यांस्नी नुसती लाज वाटती, एवढंच न्हवं? ते त्यांचं बराबर हाय. त्यात कुनाचा दोष न्हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू सांगितलंस ते बरं केलंस. तालीम हलत न्हाय. पण आमी भित घालतो. वाटंच्या कडंनं उंच भित. आमी दिसत न्हाय, तुमी दिसत न्हाय. झालं?"

टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या त्या सभेत कशालाच पडल्या नव्हत्या. परत येताना सर सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत राहिले. भिंतीने काय होणार, ते त्यांना तेव्हाच दिसलं असावं.

तालमीच्या पोरांनी ती भिंत स्वतः बांधली. कामावरून आल्यावर, दमलेली असताना, दगड वाहून. वस्ताद स्वतः ओळंबा धरून उभे राहायचे. पुरुषभर उंचीपेक्षाही उंच, सरळ, पक्की भिंत झाली. संक्रांतीच्या आत. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना सुमनचं नावही ठाऊक नव्हतं आणि त्यांनी तिच्यासाठीच दगड वाहिले.

वाटेच्या दुसऱ्या बाजूला घरांच्या परसांच्या भिंती आधीच झाल्या होत्या. आता दोन्हीकडे भिंती आणि मध्ये वाट. दोन बुट्टीवाल्या बायका सहज जातील एवढी रुंद, सावलीची आणि दोन्ही टोकांशिवाय कुठूनही न दिसणारी. भोंग्याच्या सायकली पहाटे निघून गेल्या की नंतर तिथे कुणी नसायचं. आमच्या धंद्यात अशा वाटेला बोळ म्हणतात, आणि नकाशात चुकून बोळ झाला की आम्ही तो पुसतो. हा पुसता येण्यासारखा नव्हता.

आधी बायकांना बघणारी माणसं नको होती. आता बघणारं कुणीच नव्हतं, आणि ते त्याहून वाईट होतं. शांताक्का सुमनला घेऊन एकदा त्या वाटेने गेली. मला नंतर तिनेच सांगितलं. अर्ध्यात गेल्यावर मागून कुणीतरी येत असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. "कुणी असतं तर बरं वाटलं असतं गं," ती म्हणाली.

महादेव एका संध्याकाळी स्वतः बोळ बघून आला. घरी येऊन त्याने हातपाय धुतले आणि जेवायच्या आधी सांगितलं, "बास आता."

भांडण झालं नाही. सुमनने दप्तर फळीवर ठेवलं. शांताक्का मला म्हणाली, "त्येचं तरी काय चुकलं तंगी? तुझी ल्येक असती तर तू पाठवली असतीस?"

देसाई सरांनी काही महिन्यांनी ऑफिस बंद केलं आणि ते मुलाकडे निघून गेले. तब्येतीचं कारण सांगितलं. जाताना भिंतीवरचा तो नकाशा त्यांनी काढून घेतला नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. कागदावर बरोबरच आहे तो." मी दुसऱ्या ऑफिसात लागले. तिथे रस्ते मोटारींच्या रुंदीने काढतात. ते सोपं असतं. मोटार कुणासमोरून जायला लाजत नाही.

यंदा पावसाळ्याआधी एका मोजणीसाठी मी पेठेत गेले होते. काम लवकर संपलं. सोसायटी ओढ्यापलीकडे, चालत पाच मिनिटांवर. शांताक्काला भेटावं असं वाटलं. साकवावर गेले. समोर माझी वाट होती. मी काढलेली लहान वर्तुळं आता खरीखुरी झाडं झाली होती, चांगली उंच, दोन्ही भिंतींवर वाकलेली. खाली सळसळती सावली. भिंतीआडून दंड मारणाऱ्यांचे हुंकार येत होते, कुणीतरी मातीत आपटल्याचा धप्प आवाज येत होता. वाटेत कुणी नव्हतं. पलीकडच्या टोकाला उजेडाचा एक चौकोन होता.

मी काखेत नकाशाची गुंडाळी धरून साकवावर उभी राहिले. मग मागे वळले.

सडकेवर मागून शांताक्का आली, बाजारातून परतत. बुट्टी रिकामी, केस बरेच पिकलेले. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"सुमन कुठे आहे?" मी विचारलं.

"दिली की. गगनबावड्याकडं. दोन पोरं हाईत." एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत ती थांबली. "खालच्या झऱ्यावरनं पाणी आणती. लाकडं आणती. तितं तिला चालायला लई मिळतंय बघ."

मी गुंडाळी दुसऱ्या काखेत घेतली. ती माझ्याकडे, मग गुंडाळीकडे, मग मी आले त्या दिशेकडे बघत राहिली.

"तू पेठंतनं आलीस न्हवं? मग हिकडनं कशी? तुझ्या वाटंनं न्हाय आलीस?"

"नाही," मी म्हणाले. "सडकेनं."

"व्हय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिने बुट्टी डोक्यावर नीट ठेवली आणि मला घरी चल म्हणाली. डांबराच्या आणि चराच्या मध्ये एकाच माणसापुरती जागा होती. ती पुढे झाली, मी तिच्या मागून चालत राहिले.